काळ्या खणावरचा काळा दोरा उसवताना

घट्ट झालेला ब्लाउज सैल करायचा म्हटलं की शिवण्यापेक्षा उसवण्यातच जास्त वेळ जातो. त्यात कापड काळ्या खणाचं, अस्तर काळं आणि दोराही काळाच असला तर खणाची वीण कुठली आणि टाका कुठला हे डोळ्यांना उमगत नाही. अशा कामाला मी दिवा आणि भिंग बसवलेला रिपर, म्हणजे शिलाई उसवायचं छोटं हत्यार, वापरते. त्याची खरी मदत कुठे होते आणि कुठे तो खाली ठेवून साधा रिपर उचलावा, हे अनुभवाने चांगलं ठरून गेलं आहे.

रिपर घेतानाच काही गोष्टी पाहाव्यात. साधा रिपर पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीतल्या शिवणसाहित्याच्या दुकानांत सहज मिळतो, दिवा-भिंगाचा बरेचदा ऑनलाइन मागवावा लागतो. भिंग खाली वळवल्यावर रिपरचं टोक भिंगाच्या मधोमध आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. टोक भिंगाच्या कडेला येत असेल तर तिथे टाका वाकडा दिसतो आणि हात चुकीच्या जागी जातो. भिंग जितकं जास्त मोठं दाखवणारं, तितकं ते कापडाच्या जवळ न्यावं लागतं आणि एका वेळी तितकेच कमी टाके दिसतात. म्हणून फार मोठं करणाऱ्या भिंगाच्या मागे लागू नये. तीन-चार टाके एकत्र दिसले की पुरे. चाळिशीचा चष्मा असेल तर तो लावूनच भिंगातून पाहावं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं असावं. घरात लहान मूल असेल तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण गिळलेला बटण सेल अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा करतो.

उसवायच्या आधी ब्लाउज उलटा करून बाजूची मार्जिन, म्हणजे शिलाईबाहेर राखलेलं जादा कापड, पाहायची. आपल्याकडे बरेच शिंपी बाजूला पाव-पाव इंचावर दोन-तीन समांतर शिलाया मारून ठेवतात, त्या यासाठीच. सगळ्यांत आतली एक शिलाई काढली की पुढच्या आणि मागच्या भागाला पाव-पाव इंच, म्हणजे एका बाजूला अर्धा आणि दोन्ही बाजू मिळून एक इंच सैल होतो. समांतर शिलाई नसेल तर आधी मार्जिनमध्ये नवी शिलाई मारून घ्यायची आणि मगच जुनी उसवायची. उलट क्रमाने केलं की अस्तर आणि खण एकमेकांवरून सरकतात, मुंढ्याचे, म्हणजे बाही लावतात तिथले, जोड खालीवर होतात आणि ते परत जुळवण्यात निम्मा दिवस जातो. बाही आणि खालची पट्टी आधी दुमडून बाजू शेवटी शिवलेली असेल तर काम सरळ आहे. नाहीतर दोन्ही टोकांची तुरपाई दोन-दोन इंच सोडवावी लागते.

आता उजेड. काळं कापड उजेड पिऊन टाकतं, त्यामुळे डोक्यावरचा दिवा कितीही लख्ख असला तरी टाका दिसत नाही. उजेड तिरका, जवळजवळ कापडाला समांतर आला पाहिजे. तसा आला की उठावाचा टाका आपली बारीक सावली टाकतो आणि पॉलिएस्टरचा दोरा चमकतो. रिपरचा दिवा इथेच कामाला येतो, कारण रिपर आडवा धरला की उजेडही आपोआप आडवा पडतो. रिपर उभा धरून वरून डोकावलं तर त्या दिव्याचा काहीच फायदा नाही. पुण्यातल्या पावसाळी दुपारी खिडकीजवळ बसलं तरी उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली पडत नाही. त्या दिवसांत रिपरच्या दिव्याची किंमत कळते. तरीही टाका दिसत नसेल तर पांढऱ्या खडूची कड आतल्या बाजूने शिलाईवरून हलकेच फिरवावी. दोरा वर आलेला असतो, त्याच्यावर खडू बसतो आणि रेघ उमटते.

सुरुवात शिलाईच्या टोकाला, म्हणजे जिथे मशीन पुढे-मागे चालवून गाठ पक्की केलेली असते तिथे. उसवण्यातली सगळ्यांत अवघड जागा हीच. एकाच भोकातून दोन-तीनदा दोरा गेलेला असतो, टाके एकावर एक बसलेले असतात, आणि रिपरचं अणकुचीदार टोक दोऱ्याऐवजी खणाच्या धाग्याखाली शिरायला वेळ लागत नाही. इथे भिंग हवंच. टोक टाक्याखाली घातलं की लगेच कापायचं नाही. जरासं वर उचलून पाहायचं: उचलल्यावर कापडही वर आलं तर कापडाचा धागा अडकला आहे, फक्त दोरा वर आला तर टाका बरोबर सापडला. मग टोक पुढे सरकवायचं, दोरा दोन टोकांच्या मधल्या खाचेत गेला की तो आपोआप कापला जातो, कारण धार तेवढीच असते. ओढून किंवा हिसका देऊन कापावं लागत असेल तर धार गेली आहे. बोथट रिपर जोर लावल्यावर अचानक सुटतो आणि थेट कापडात घुसतो. तो घासून पुन्हा नीट धारदार होत नाही, बदलावाच लागतो.

गाठीचे टाके सुटले की मी भिंग वर करून ठेवते. पुढची सरळ शिलाई भिंगातून उसवत बसलं तर मान धरते, डोळे दुखतात आणि काम दुपटीने लांबतं. मशीनच्या शिलाईत वरचा सुईचा आणि खालच्या बॉबिनचा असे दोन दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकलेले असतात. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापायचा. टाका सव्वादोन-अडीच मिलिमीटरचा असेल तर साधारण सेंटिमीटरभर अंतराने एक काप पडतो. मग कापड उलटवून दुसऱ्या बाजूचा दोरा चिमट्यात धरून ओढला की तो अखंड निघून येतो. कापण्याआधी दोन्ही बाजू नीट पाहाव्यात. एका बाजूचा दोरा अगदी सरळ रेघेसारखा कापडावर पडलेला दिसला, तर त्या शिलाईचं टेन्शन, म्हणजे मशीनमधला दोऱ्याचा ताण, बिघडलेलं होतं. तो ताणलेला दोरा एका टोकाने धरून हळूहळू ओढला तर न कापताच बाहेर येतो आणि शिलाई मोकळी होते.

दोन्ही पदर हातांनी फाकवून मधले टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसले की सरसर रिपर चालवण्याची काहींना सवय असते. रिपरच्या दोन टोकांपैकी मणी बसवलेलं टोक खाली, कापडाकडे ठेवायचं, म्हणजे मणी कापडावरून घसरतो आणि टोक रुतत नाही. जाड सुती कापडाला ही पद्धत चालते. खणाला मी ती कधीच वापरू देत नाही. खणाची वीण बारीक असते, तिच्यातला एक धागा तुटला तरी त्या जागी रेघ दिसते आणि ती नेमकी बगलेखाली, ताण येतो तिथेच असते.

मुंढ्याच्या जोडापाशी भिंग पुन्हा खाली. बाहीची आणि बाजूची शिलाई जिथे एकमेकींना छेदतात तिथे अस्तर धरून कापडाचे बरेच थर एकावर एक येतात आणि दोन वेगवेगळ्या शिलायांचे टाके शेजारी-शेजारी बसतात. चुकून मुंढ्याची शिलाई कापली गेली तर बाही सुटते. बाजूची शिलाई कोणती हे दिशेवरून ओळखायचं: मोकळ्या झालेल्या भागातून ती रेघ सरळ पुढे नेऊन पाहायची आणि त्या रेघेतलाच टाका उचलायचा. जोडाच्या आधी एक टाका आणि नंतर एक टाका कापून मधला दोरा चिमट्याने काढला तर थरांच्या आत टोक खुपसावं लागत नाही.

बाहीच्या टोकाला काठ येतो. काठ जरीचा असेल तर रिपरचा पांढरा दिवा त्याच्यावर पडून डोळे दिपतात आणि टाका हरवतो. तिथे दिवा बंद करून कापड खिडकीकडे तिरपं धरावं. जरीच्या दोऱ्यावर धातूचा पापुद्रा गुंडाळलेला असतो, तो टोकात अडकला तर उलगडत जातो. त्यामुळे काठावरचे टाके आतून, अस्तराच्या बाजूनेच काढावेत.

कडेला ओव्हरलॉक, म्हणजे कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून कडेवर मारलेली फेऱ्यांची शिलाई, असेल (शिंपी त्यालाच इंटरलॉक म्हणतात) आणि तो काढायची वेळ आली तर सगळे फेरे कापत बसू नये. त्यातला सुईचा दोरा सरळ रेघेत जातो. तेवढाच ठरावीक अंतराने कापून ओढला की लूपरचे, म्हणजे फेरे घालणारे, दोरे आपोआप सुटून पडतात. ही सरळ रेघ फेऱ्यांच्या गर्दीत शोधायला भिंगाचा उपयोग होतो.

शिलाई निघाली की दोऱ्यांचे तुकडे कापडात अडकून राहतात. चिकटपट्टी दाबून उचलली किंवा पेन्सिलचं खोडरबर एकाच दिशेने घासलं तर ते निघतात. काळ्यावर पांढरं खोडरबर अवशेष सोडतं, म्हणून नंतर ब्रश मारावा. राहिलेली भोकं सुती कापडात बरीच बुजतात: जागा किंचित ओलसर करून नखाने आडवं-उभं घासायचं आणि उलट बाजूने इस्त्री करायची. रेशमी किंवा आर्ट सिल्कच्या खणात भोकं पूर्ण जात नाहीत, पाण्याचा डागही पडू शकतो. आधी मार्जिनच्या कोपऱ्यावर करून पाहावं. सैल केलेल्या ब्लाउजला जुन्या शिलाईची पुसट रेघ राहणार, हे ज्याचा ब्लाउज आहे त्याला उसवण्याआधीच सांगावं.

रिपर ठेवताना पातं पुसून, मशीनच्या तेलाचा अगदी बारीक थेंब लावून टोपण घालावं. पुढच्या वेळी आधी चिंधीवर पुसून घ्यावं, नाहीतर तेल कापडाला लागतं. भिंग प्लॅस्टिकचं असतं, त्याला स्पिरिट लावलं तर बारीक चिरा पडतात. मऊ ओलं फडकं पुरतं. बरेच दिवस काम नसेल तर सेल काढून ठेवावेत, आतल्या आत गळून ते संपर्कपट्ट्या खराब करतात. आणि हा रिपर भिंग उघडं ठेवून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नये. ऊन भिंगातून एका जागी एकवटतं आणि खालचं कापड जळू शकतं.