बी पेरण्याआधीचे गणित

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. शाळेच्या प्रयोगवहीतले हे मथळे पुढे जीवशास्त्रात शेवटपर्यंत उपयोगी पडतात. फक्त साहित्य आणि कृती यांच्यामध्ये ‘आखणी’ हा आणखी एक मथळा घालून घ्यावा लागतो. स्मरणिकेत आठवणी लिहायच्या असतात, हे खरे. पण जीवशास्त्राकडे वळणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांना या नव्या मथळ्याखाली काय लिहायचे ते सांगावे, असे मला मनापासून वाटते.

सगळ्यात आधी ठरवायचे ते एवढेच, की नमुने किती मोजायचे. समजा, खताने रोपांची उंची वाढते का, ते पाहायचे आहे. एका ट्रेमध्ये तीस रोपे खत घालून आणि दुसऱ्यात तीस रोपे खताशिवाय वाढवली. साठ उंच्या मोजल्या, म्हणून नमुने साठ झाले असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक गटात नमुना एकच, तो ट्रे. खत ट्रेला घातले होते, एकेका रोपाला स्वतंत्रपणे नव्हे. एका ट्रेतली सगळी रोपे तीच माती, तेच पाणी, तोच उजेड वाटून घेतात. एक ट्रे खिडकीजवळ असला, तर दिसलेला फरक खताचा की उजेडाचा हे कोणतीही संख्याशास्त्रीय टेस्ट सांगू शकत नाही. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, असे नाव दिले. मोजमापे झाल्यावर ती दुरुस्त होत नाही, म्हणून मी तिला सगळ्यात वाईट चूक मानतो.

त्याऐवजी बारा कुंड्या घ्या, प्रत्येकीत पाच रोपे. खिडकीला समांतर सहा ओळी करा, प्रत्येक ओळीत दोन कुंड्या. प्रत्येक ओळ हा एक ब्लॉक. त्यातल्या दोन्ही कुंड्यांना सारखाच उजेड मिळतो. कोणत्या कुंडीला खत द्यायचे ते आपण बोट दाखवून ठरवायचे नाही, कारण नकळत जोमदार रोपांकडेच हात जातो. एक्सेलमध्ये कुंड्यांचे क्रमांक लिहा, शेजारच्या रकान्यात कोणताही आकडा आपोआप निवडून देणारा रँड फॉर्म्युला टाका आणि प्रत्येक ओळीत मोठा आकडा जिच्यासमोर येईल तिला खत द्या. हे आकडे लगेच ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करून गोठवा. नाहीतर शीटमध्ये काहीही बदलले की ते पुन्हा बदलतात आणि वाटणीची नोंदच नाहीशी होते. चिठ्ठ्या टाकून वाटणी, पुनरावृत्ती आणि ब्लॉक ही त्रयी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी पक्की केली. ते तिथे १९१९ मध्ये रुजू झाले होते.

उंची मोजणाऱ्याला फक्त कुंडीचा क्रमांक दिसावा, खत कुणाला हे कळू नये. शीटच्या एका ओळीत एकच रोप लिहा: तारीख, ब्लॉक, कुंडी, रोप, उंची मिलिमीटरमध्ये, शेरा. रोप मेले तर उंचीच्या घरात शून्य लिहू नका. सरासरी विनाकारण खाली येते. घर रिकामे ठेवा, शेऱ्यात ‘मृत’ लिहा आणि मेलेली रोपे वेगळी मोजा, कारण जास्त खताने रोपे मरणे हाही निष्कर्षच आहे. शीटमधल्या घरांना रंग देऊन माहिती साठवू नका, सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये रंग उरत नाही. एक्सेल ‘सेप्ट२’सारख्या जनुकाच्या नावाचीही तारीख करून टाकते. अखेर २०२० मध्ये अशा जनुकांची नावेच बदलली गेली. मूळ फाइलला हात लावू नका, आकडेमोड प्रतीवर करा.

आता विश्लेषण. आधी प्रत्येक कुंडीची सरासरी काढा. साठ आकड्यांचे बारा होतील. ते सगळे ठिपके आलेखावर मांडा, नुसते स्तंभ काढले की एखादी विचित्र कुंडी लपून जाते. आखणी ब्लॉकची असल्याने तुलनाही ओळीतल्या जोडीचीच, म्हणजे पेअर्ड टी-टेस्ट (जोडीतल्या फरकांची सरासरी शून्यापासून खरोखर वेगळी आहे का, हे पाहणारी टेस्ट). सहा फरक, स्वातंत्र्यमात्रा (म्हणजे हाती असलेल्या स्वतंत्र माहितीचे माप) पाच. साठ रोपे सुटी धरून टी-टेस्ट केली तर स्वातंत्र्यमात्रा अठ्ठावन्न होतात, स्टँडर्ड एरर (सरासरीतल्या अनिश्चिततेचे माप) खोटा लहान येतो आणि नसलेला परिणामही ‘सिग्निफिकंट’, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नसलेला, ठरू शकतो.

सहा जोड्यांत फक्त ठळक फरकच पकडता येतो. ब्लॉक नसलेल्या दोन गटांत, प्रमाण विचलनाएवढा (कुंड्यांचे आकडे सरासरीभोवती जितके विखुरतात त्या मापाएवढा) फरक ८० टक्के खात्रीने पकडायला पाच टक्के पातळीवर (परिणाम नसताना फसण्याचा धोका पाच टक्के धरून) प्रत्येक गटात सुमारे १७ कुंड्या लागतात. फरक निम्मा असला तर ६४. आणि उंची, पाने, मुळे, वजन अशा वीस गोष्टी तपासल्या, तर त्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्यास खताचा काहीच परिणाम नसतानाही निदान एक पी-व्हॅल्यू (परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून मुख्य मोजमाप कोणते आणि टेस्ट कोणती, हे पेरणीआधी तारीख घालून वहीत लिहा.

अनुमानात नुसती पी-व्हॅल्यू देऊ नका. ‘खताच्या कुंड्यांतली रोपे सरासरी ८ मिमी उंच, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल २ ते १४ मिमी, सहा जोड्या’ असे लिहा. कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असावा असा आपला अंदाज. आलेखावरच्या उभ्या रेषा प्रमाण विचलनाच्या आहेत की स्टँडर्ड एररच्या, तेही खाली नोंदवा. सहा नमुन्यांवर त्यांच्यात जवळजवळ अडीचपट अंतर असते.