हात न लावता फुटलेली काच

काचेची पार्टिशने आणि दरवाजे बसविण्याच्या व्यवसायात मला एकोणीस वर्षे झाली. काच फुटल्याचा फोन आला, की कारण काय असणार याचा अंदाज साइटवर पोहोचण्याआधीच आलेला असतो. कोणी तरी खुर्चीची पाठ आपटलेली असते, दार आपोआप मिटवणारी जमिनीतली फ्लोअर स्प्रिंग बिघडलेली असते, नाही तर आमच्याच माणसाने पॅच फिटिंगचा, म्हणजे काच धरून ठेवणाऱ्या धातूच्या पकडीचा, बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळलेला असतो. म्हणूनच गेल्या वर्षी मे महिन्यात एका सोमवारी सकाळी नवी मुंबईत महाप्याच्या एका कार्यालयातून फोन आला, तेव्हा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून निघतानाच मी मनातल्या मनात मामांना दोषी ठरवून मोकळा झालो होतो. मामा आमचे सर्वांत जुने फिटर. ती काच अकरा महिन्यांपूर्वी त्यांनीच बसविली होती. कळवा पुलापासून महाप्यापर्यंत ते गाडीत एक शब्द बोलले नाहीत आणि त्यांचे ते गप्प बसणे मला कबुलीजबाबासारखे वाटले.

रविवारी दुपारी कार्यालय बंद असताना मीटिंग रूमची बारा मिलिमीटर जाडीची टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच फुटली होती. मजल्यावर वॉचमनशिवाय कोणी नव्हते. तो पँट्रीत बाटली भरत असताना सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला, धावत येऊन पाहतो तर काच पांढरी पडलेली, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या सुपरवायझरला ते पटत नव्हते आणि भरपाई त्याच्या पगारातून कापण्याची भाषा सुरू झाली होती. प्रशासनाचे काम पाहणाऱ्या मॅडमनी मला सरळच विचारले, "एक तर तुमचं फिटिंग चुकलंय, नाही तर यानं काही तरी केलंय. काच स्वतःहून कशी फुटेल?" एसी बंद असल्यामुळे खोली तापून काच तडकली असावी, असे मत तेथील एका तरुण अभियंत्याने मांडले. साध्या काचेच्या बाबतीत त्याचा विचार करता आला असता, कारण पृष्ठभागावरील तापमानात चाळीसएक अंशांचा फरक पडला तर ती तडकू शकते. टफन्ड काच मात्र सुमारे दोनशे अंशांचा फरक सोसते.

अशा वेळी पंचाईत ही होते, की आम्ही पोहोचण्यापूर्वी हाउसकीपिंगने सगळा चुरा गोणीत भरलेला असतो आणि पुरावाही त्याच्याबरोबर गेलेला असतो. येथे मात्र आम्ही काम संपवून गेल्यानंतर आडोशासाठी कार्यालयाने संपूर्ण काचेवर दुधी फिल्म लावून घेतली होती. त्या फिल्मने हजारो तुकडे जागच्या जागी धरून ठेवले होते. वरचा एक कोपरा गोधडीसारखा खाली लोंबत होता. बाकीची काच कडेच्या धातूच्या चॅनेलमध्ये उभी होती.

टफन्ड काच अशी का फुटते, हे आधी सांगितले पाहिजे. साधी काच म्हणजे मुख्यतः वाळूतील सिलिका, सोडा आणि चुना. वितळलेल्या कथिलावर तरंगवून तिचा सपाट पत्रा करतात, आणि त्या पत्र्याला हव्या त्या मापात कापून, भोके पाडून, कडा घासून घेतल्यावर ती फर्नेसमध्ये जाते. तेथे सव्वासहाशे-साडेसहाशे अंशांपर्यंत तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडतात. बाहेरचे थर आधी थिजतात, आतला भाग मागाहून आकसू पाहतो आणि त्या ओढाताणीत पृष्ठभाग कायमचा दाबाखाली, तर गाभा कायमच्या ताणाखाली राहतो. साध्या काचेच्या चार-पाच पट ताकद येते ती या दाबामुळे, आणि एकदा टफन केलेली काच पुन्हा कापता येत नाही तीही यामुळेच. तडा ताणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचला, की साठलेली सगळी शक्ती एकदम मोकळी होते आणि काचेचा बोथट कडांचा चुरा होतो. मोटारीच्या बाजूच्या काचा अशाच असतात. पुढची काच मात्र दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून केलेली असते, म्हणून दगड लागला तरी ती तडे मिरवत जागेवर राहते.

मामांनी प्रथम कोपऱ्यातील पॅच फिटिंग उघडले. बोल्ट आणि काच यांच्यामधली फायबरची बुशी शाबूत होती, गॅस्केट जागेवर होते, धातू कोठेही काचेला टेकलेला नव्हता. दोष तेथे असता, तर तडे त्या भोकापासून पंख्यासारखे पसरले असते. ते तसे नव्हते. मी टॉर्च तिरका धरून तड्यांच्या रेषा उलट दिशेने शोधत गेलो, आणि सर्व रेषा ज्या ठिकाणी येऊन मिळत होत्या ते ठिकाण कोणत्याही कडेपासून दीड फूट आत, माझ्या कमरेच्या उंचीवर होते. तेथे आजूबाजूच्या चुऱ्यापेक्षा स्पष्टपणे मोठे असे दोन षटकोनी तुकडे एका बाजूने एकमेकांना चिकटून, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे दिसत होते. मी त्यांच्यावर चिकटपट्टी लावली, फिल्म कापून ते अलगद काढले आणि दहा पट मोठे दाखविणारे भिंग डोळ्याला लावले. दोन तुकड्यांच्या मधल्या सांध्यावर, काचेच्या जाडीच्या जवळजवळ मध्यावर, खसखशीच्या दाण्यापेक्षाही बारीक असा काळसर गोल ठिपका होता.

ही निकेल सल्फाइडची लक्षणे. काच वितळताना यंत्रातील निकेलयुक्त पोलादाचा एखादा कण आणि गंधक एकत्र येऊन असे सूक्ष्म खडे तयार होतात. ३७९ अंशांच्या वर या खड्याची एक रचना असते, खाली दुसरी, आणि दुसऱ्या रचनेत तो दोन ते चार टक्के फुगतो. साध्या काचेत, सावकाश थंड होताना हे फुगणे निर्विघ्न पार पडते. टफन करताना मात्र हवेच्या झोतात तो खडा गरम अवस्थेतील रचनेतच अडकून पडतो आणि पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, गुपचूप फुगत राहतो. मेलबर्नमधील आयसीआय हाऊस या उंच इमारतीच्या काचा फुटून पडू लागल्या, त्या प्रकरणात १९६१ साली बॅलंटाइन या संशोधकाने हा खडाच कारणीभूत असल्याचे दाखवून दिले. नेमक्या जागी बारीक टणक वस्तूचा आघात झाला तरी फुलपाखरासारखे तुकडे निघू शकतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय छातीठोकपणे काही म्हणू नये. परंतु दांडा मारल्याची खूण काचेच्या मध्यावर उमटत नाही, पृष्ठभागावर उमटते, आणि पृष्ठभाग तेथे स्वच्छ होता.

मी भिंग मॅडमच्या हातात दिले. त्यांनी बराच वेळ पाहिले, मग वॉचमनला बोलावून पाहायला लावले. त्याला काय दिसले कोण जाणे, पण तो म्हणाला, "म्हणजे माझे पैसे नाही कापणार ना?" पैसे कापले गेले नाहीत. मी जागेवरच लेखी अहवाल दिला.

त्यानंतर मॅडमनी जो प्रश्न विचारला, त्याची तयारी मी केलेली नव्हती. "हे आधी कळू शकत नव्हतं का?" कळू शकते. टफन केलेली काच भट्टीत पुन्हा सुमारे २९० अंशांपर्यंत तापवून दोन तास ठेवली, की असे खडे त्या दोन तासांतच फुगतात आणि सदोष काचांपैकी बहुतेक कारखान्यातच फुटतात. याला हीट सोक म्हणतात आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. दर कमी करण्यासाठी त्यांनी घासाघीस केली, तेव्हा कोटेशनमधील ती ओळ खोडली होती मी. ग्राहकाला ती ओळ कशासाठी होती हे सांगितलेही नव्हते. त्या दिवशी ते सांगितले. मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी केवळ जुन्या कोटेशनची प्रत मागून घेतली. नवी काच आम्ही आमच्या खर्चाने, हीट सोक करून, बसवून दिली.

परतताना दिघ्याच्या सिग्नलला मामा पहिल्यांदा बोलले. "साहेब, त्याच गाडीतून आणखी चार काचा उतरवल्या होत्या आपण तिथं. त्यांचं काय?" प्रत्येक काच शहाऐंशी किलोची, आणि त्यांतल्या दोन काचांच्या शेजारी माणसे दिवसभर बसतात. बसविलेली काच काढून भट्टीत घालण्याइतके बजेट कोणाकडेही नव्हते, म्हणून त्या आठवड्यात चारही काचांवर दोन्ही बाजूंनी जाड सेफ्टी फिल्म लावली आणि तिच्या कडा चॅनेलच्या आत सिलिकॉनने पक्क्या केल्या. काच फुटली तरी कोणाच्या अंगावर पडू नये, एवढेच त्यातून साधते. ते काम मामांनी केले. मी त्यांच्या हाताखाली फिल्म दाबून बसविण्याची स्क्वीजी धरून उभा होतो.