बिल कोल्हापूरचे, विहीर खानापूरची

प्रेशर टाकीतला रबरी फुगा फाटला, तर तो बदलायला फार तर पाऊण तास लागतो. आमच्याकडे मार्गशीर्षात फाटलेला फुगा बदलून मिळेपर्यंत होळी होऊन गेली होती, आणि मधला जवळजवळ सगळा वेळ आमची टाकी महाराष्ट्रात मोडते की कर्नाटकात, हे ठरवण्यात गेला. ज्यांच्याकडे अशी टाकी आहे आणि जे सीमेच्या एका बाजूला खरेदी करून दुसऱ्या बाजूला राहतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले आमचे घर कौलारू आहे. स्लॅब नसल्यामुळे वर पाण्याची टाकी ठेवण्याची सोय नाही आणि लोखंडी स्टँड उभारण्याचा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून परसातल्या विहिरीत ओपनवेल मोटर सोडून तिचे पाणी पडवीतल्या १०० लिटरच्या प्रेशर टाकीत आणि तिथून नळांना अशी व्यवस्था आम्ही केली. टाकीच्या आत रबरी फुगा असतो. पाणी फुग्यात भरते आणि फुगा व पत्रा यांच्यामधली हवा दाबली जाते. नळ उघडला की ही दाबलेली हवा पाणी ढकलते, त्यामुळे दर तांब्याला मोटर सुरू करावी लागत नाही. आमचा प्रेशर स्विच १.४ किलो दाबाला मोटर सुरू करतो आणि २.८ किलोला बंद करतो. टाकी १०० लिटरची असली, तरी मोटर सुरू न होता तिच्यातून पस्तीस लिटरच्या आसपासच पाणी मिळते, कारण उरलेली जागा हवेची असते. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत आणि मग वीज गेल्यावर पाणी लवकर संपले म्हणून लोक टाकीला दोष देतात.

बिघाड कळला तो आवाजावरून. भांडी घासताना नळ उघडा असला की स्विचचा टक् असा आवाज होई, मोटर सुरू होई, दोन-चार सेकंदांत पुन्हा टक् आणि बंद. प्रेशर गेजचा काटा सावकाश वर-खाली होण्याऐवजी उड्या मारू लागला. ही लक्षणे दिसली की टाकीतली हवेची उशी संपली असे समजावे. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्यामुळे मिनिटाला अनेकदा सुरू-बंद होणारी मोटर फार दिवस टिकत नाही आणि स्विचचे पॉइंटही जळतात. फुग्याच्या किमतीत मोटर येत नाही, म्हणून मी त्याच दिवशी मोटरचे आपोआप सुरू होणे बंद केले. टाकीच्या टोकाला प्लास्टिकच्या टोपणाखाली मोटारसायकलच्या चाकाला असतो तसाच वाल्व्ह असतो. त्याची मधली पिन नखाने दाबली, तर हवा यायला हवी. माझ्या अंगठ्यावर तांबूस पाणी आले. आमच्या जांभ्याच्या जमिनीतल्या पाण्यात लोह असल्यामुळे तो रंग ओळखीचा होता. वाल्व्हमधून पाणी आले म्हणजे फुगा फाटला; तिथे दुसरी शंका उरत नाही.

टाकी वॉरंटीत होती आणि बिल जपून ठेवलेले होते. ती घेतली होती कोल्हापूरला, कारण त्या वेळी खानापुरात आणि बेळगावात विचारले त्या दुकानांत २४ लिटरच्याच टाक्या शिल्लक होत्या आणि माझे दीर कोल्हापूरहून टेम्पो घेऊन गावी येणारच होते. कार्डावर वॉरंटी भारतभर लागू असल्याचे छापले होते. त्यावर विसंबून मी कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांकाचा संदेश आला, आणि तिथून पुढे जे सुरू झाले त्याचा राग अजून गेलेला नाही.

बेळगावच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन आला तो बिलाचा फोटो मागण्यासाठी. फोटो पाहून तिथल्या बाईंनी सांगितले, की बिलावर महाराष्ट्राचा एसजीएसटी लागला आहे, म्हणजे विक्री महाराष्ट्रातली आहे, तेव्हा वॉरंटीचे काम तिकडच्या शाखेने करायचे. कोल्हापूरच्या केंद्राला फोन लावला, तर तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘‘ताई, तुमचा पिनकोड ५९१नं सुरू होतोय. आमच्या सिस्टिममध्ये तो टाकताच येत नाही. तुमची तक्रार बेळगावलाच दिसणार.’’ मी पुन्हा बेळगावला फोन केला. आता दुसरेच कोणी बोलत होते आणि त्यांना पहिल्यापासून सगळे कन्नडमध्ये सांगावे लागले. माझे कन्नड बाजारापुरते आहे. ‘फुगा फाटला’ हे मी त्यांना कसेबसे समजावले आणि त्यांनी मला विकणाऱ्या दुकानाशी बोलायला सांगितले.

दुकानदाराचे म्हणणे, टाकी घेऊन या, बदलून देतो. पाण्याने भरलेली टाकी रिकामी करून, पाइप सोडवून, खानापूरहून कोल्हापूरला न्यायची म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास, आणि तोही एका फाटलेल्या फुग्यासाठी. नुसता फुगा पार्सलने पाठवा, आमचा प्लंबर बसवील, असे मी सुचवले. त्यावर उत्तर आले, की कंपनीच्या माणसाशिवाय टाकी उघडली तर वॉरंटी संपते. कंपनीचा माणूस मात्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे येत नव्हता आणि बेळगावचा माणूस बिलाच्या पलीकडे जात नव्हता.

या काळात घरात पाणी कसे होते, असे कोणी विचारील. प्लंबरने टाकीच्या आधी एक वाल्व्ह टाकून पाइप वळवला आणि आम्ही सकाळ-संध्याकाळ हाताने मोटर लावून पिंपे भरू लागलो. सकाळी उठून बटण दाबायचे, पिंप भरेपर्यंत उभे राहायचे, आणि विसरले की पडवीत तळे. नवरा नोकरीनिमित्त गोव्यात असतो, त्यामुळे पिंपे आणि फोन दोन्ही माझ्याकडे. माझे फोनवरचे बोलणे ऐकून सासूबाई रहाटाकडे बोट दाखवत म्हणाल्या, ‘‘त्याला कधी पिनकोड लागला नाही गं.’’

सगळ्यांत संताप आला तो मोबाइलवरच्या एका संदेशाने: तक्रार बंद करण्यात आली आहे, कारण ग्राहक उपलब्ध नाही. मी घरीच होते, फोन हातात होता, आणि ज्या दिवशी माणूस येऊन गेला असे नोंदवले होते, त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणी फिरकलेही नव्हते. नवी तक्रार करावी, तर ती पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. म्हणून सांगते, तक्रार बंद झाल्याचा संदेश आला की त्याच दिवशी जुना क्रमांक देऊन ती पुन्हा उघडायला लावा आणि प्रत्येक बोलणे झाल्यावर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव वहीत लिहा. ही वहीच पुढे कामाला आली.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. तिथे मराठीत बोलता येते. मी वॉरंटी कार्डावरचे ‘भारतभर’ असलेले वाक्य, दोन्ही केंद्रांची उत्तरे आणि बंद केलेल्या तक्रारीचा क्रमांक असे सगळे तारीखवार सांगितले. याच वेळी मला एक उपयोगाची गोष्ट कळली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तू कुठून घेतली याने ते अडत नाही. शिवाय ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. म्हणजे कोल्हापूरच्या बिलावर मी बेळगावच्या आयोगाकडे जाऊ शकत होते. हे मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला चार ओळींच्या ईमेलने कळवले, सोबत वहीच्या पानांचे फोटो जोडले. आयोगापर्यंत जावे लागले नाही. त्याच आठवड्यात बेळगावच्या केंद्रातून फोन आला आणि तेव्हा एसजीएसटीचे नावही कोणी काढले नाही. मला आनंद झाला, पण आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या माणसाला आणायला दिल्लीच्या क्रमांकावर फोन करावा लागतो, हे काही मी विसरणार नाही.

आलेला तंत्रज्ञ कामात तरबेज होता आणि त्याच्याशी माझे काहीच भांडण नव्हते. त्याने वीज बंद केली, खालचा नळ उघडून टाकी रिकामी केली, तोंडावरच्या चकतीचे बोल्ट सोडवले आणि फाटका फुगा ओढून बाहेर काढला. फुग्याच्या तळाशी बोटभर तांबडा गाळ साचला होता आणि चीर तिथेच, घडीवर गेली होती. नवा फुगा बसवल्यावर पाणी सोडण्याआधी त्याने पायपंपाने हवा भरली. हवेचा दाब मोटर सुरू होण्याच्या दाबापेक्षा २ पीएसआय कमी ठेवायचा असतो. आमची मोटर १.४ किलोला, म्हणजे २० पीएसआयला सुरू होते, म्हणून हवा १८. हा दाब टाकीत पाणी नसतानाच मोजावा, नाहीतर गेज पाण्याचाच दाब दाखवते आणि हवा ठीक आहे असा गैरसमज होतो.

स्विचचा दाब नंतर कोणी वाढवला, तर हवाही त्या हिशेबाने वाढवावी लागते; आमच्याकडे येणारे वायरमन स्विच फिरवतात आणि हवेकडे पाहत नाहीत. स्विचखालची बारीक नळीही आमच्या पाण्यात लोहाच्या साक्याने बुजते, मग मोटर बंदच होत नाही. ती पावसाळ्याआधी, विहिरीचा गाळ काढताना, सोडवून साफ करावी. हवेचा दाब आता मी वर्षातून दोनदा, गाळ काढताना आणि दिवाळीच्या आधी, मोटारसायकलच्या गेजने स्वतःच पाहते. टोपण काढून हवा मोजल्याने वॉरंटी जात नाही, हे त्या तंत्रज्ञाकडून जॉबशीटवर लिहून घेतले आहे. आणि कोणीही नळ उघडलेला नसताना रात्री मोटर आपोआप सुरू होत असेल, तर फुगा बदलायला धावू नये. आधी नळ आणि जोड गळतात का पाहावे. ते कोरडे असतील, तर मोटर आणि टाकी यांच्यामधल्या एनआरव्हीतून, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणाऱ्या वाल्व्हमधून, पाणी विहिरीत परत जात असते. तो वाल्व्ह कोणत्याही दुकानात मिळतो आणि गावचा प्लंबर तो बदलतो.