सोलापूरची सपाटी कोणी घडवली?

सोलापुरात आलेल्या पाहुण्याला सिद्धेश्वराचे मंदिर आणि भुईकोट किल्ला दाखवून झाला की, ‘बाकी आमचा मुलूख सपाट, डोंगरदऱ्या काही नाहीत,’ असे आपण सांगून मोकळे होतो. मला हे बोलणे आता पटत नाही. बार्शीच्या बाजूला बालाघाटचे सपाट माथ्यांचे डोंगर उभे आहेत. निदान त्या माथ्यांच्या उंचीपर्यंत एके काळी सलग खडक होता, आणि भीमा, सीना व त्यांना मिळणाऱ्या असंख्य ओढ्यांनी मधला सगळा भाग उचलून नेला. सपाटी ही काही न घडल्याची खूण नसून, फार काळ फार काम झाल्याची खूण आहे.

हे मला पुस्तकाच्या आधी विहिरीने शिकवले. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या आमच्या शेतात विहीर खणली गेली, तेव्हा मी शाळेत होतो. आधी छातीइतकी काळी माती निघाली, मग पांढऱ्या चुनखडीच्या खड्यांनी भरलेला पिवळसर थर, मग मुरूम, मुरमात अडकलेले गोल धोंडे, आणि शेवटी पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. आजोबांनी त्यातला एक धोंडा उचलून हातानेच सोलला. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे त्याचे थर सुटत गेले आणि आत मुठीएवढा घट्ट दगड राहिला. ‘वरची माती आणि खालचा दगड एकाच घरचे,’ एवढेच ते म्हणाले.

त्या घराची गोष्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांची आहे. जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थरावर थर साचले, आणि आजही या बेसाल्ट खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. लाव्हा थंड होताना आकसला आणि चिरा पडून त्याचे ठोकळे झाले. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि याच चिरांतून खडकात उतरते. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी काम करते, कडेवर दोन आणि सपाट पृष्ठावर एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा गोल धोंडा होतो. आमच्या विहिरीतले धोंडे नदीने घासून गोल केलेले नव्हते. ते जागच्या जागी गोल झाले होते.

याच खडकाचे पुढे काय होणार, हे पाणी किती पडते यावर ठरते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे पाण्याने खडकातले चुना, सिलिका असे बरेचसे घटक धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि तांबडा जांभा तयार झाला. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. इथला वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. एवढे पाणी चुना विरघळवते, पण वाहून नेत नाही. तो चुना थोडा खाली जाऊन खड्यांच्या रूपाने साचतो, आणि वर मॉन्टमोरिलोनाइट या फुगणाऱ्या खनिजाने भरलेली काळी माती तयार होते. पाण्याने ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची ढेकळे त्या भेगांत पडतात, खालची माती वर ढकलली जाते, आणि जमीन आपली नांगरट आपणच करते. मंगळवेढ्याची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर उभी राहते, ती याच मातीच्या पोटातल्या पाण्यामुळे.

वाहत्या पाण्याचे काम मात्र उघड्यावर चालते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याला ढकलता येणाऱ्या सर्वांत मोठ्या धोंड्याचे वजन सुमारे ६४ पट होते. म्हणून नदी वर्षभरात जे करत नाही ते पुराच्या दोन दिवसांत करते. निघोजजवळ कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात सापडलेल्या दगडगोट्यांनी फिरून फिरून रांजणखळगे कोरले आहेत; त्या कुकडीचे पाणी घोड नदीतून भीमेला मिळते आणि आपल्या जिल्ह्यात येते. पंढरपुरात नदी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला वेगाने भिडून त्याला पोखरते आणि आतल्या बाजूला मंद होऊन वाळू सोडते. वारकरी ज्या वाळवंटात कीर्तनाला उभे राहतात, ते मुळात नदीने खाली ठेवलेले ओझे आहे. ही वाळू साचायला लागलेला काळ आणि ती उपसायला लागणारा काळ यांचा विचार केला की मन खरोखर दुखते.

वाऱ्याचे काम आपल्याकडे लहान, पण रब्बीची काढणी झाल्यावर उघड्या पडलेल्या रानातून चैत्र-वैशाखात वावटळी उठतात, तेव्हा त्या सर्वांत बारीक, म्हणजे सर्वांत कसदार माती उचलतात.

बर्फाची खूण पाहायला हिमालयातच जावे लागते असे नाही. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत आणि त्यावर बारीक चिकणमातीपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सगळे एकत्र मिसळलेला थर आहे. नदी वाहून आणलेला माल आकाराप्रमाणे निवडून ठेवते, हिमनदी निवडत नाही. आणि तळाशी गोठलेल्या दगडांनी ती खालचा खडक ओरखडत जाते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन खंडाचा भाग होऊन दक्षिण ध्रुवाजवळ होता, तेव्हाच्या हिमनद्यांची ही सही आहे.

काळाचे हे आकडे मनात ठरत नाहीत, म्हणून मी हत्तरसंग कुडलला जातो. तिथे सीना आणि भीमा मिळतात, आणि तिथल्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. छताखाली राहिलेली ती अक्षरे हजार वर्षांनंतरही वाचता येतात. लाव्हाच्या काळापासून आजपर्यंत अशी हजार वर्षे ६६,००० वेळा उलटली आहेत. मंदिरातून बाहेर येऊन घाटावर उभे राहिले की पावसाळ्यात सीनेचे गढूळ पाणी दिसते, आणि तो रंग कोणाच्या तरी शेताचा असतो.

बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि ती एका वळवात जाते. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ मध्ये सुरू झाले, ते अवर्षणाच्या मुलखात पडेल ते पाणी आणि आहे ती माती रानातच कशी राखावी, याचा शोध घेण्यासाठी. आजोबा गेल्यानंतर शेत माझ्याकडे आले. मृगाच्या आधी मी उताराच्या बाजूचा बांध चालून पाहतो, उंदरांची बिळे आणि फुटलेली तोंडे बुजवतो, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर बांधाला अडलेला गाळ पाटीने पुन्हा वरच्या पट्टीत नेऊन टाकतो.