तीनशे किलोमीटरनंतर पुढं कोण?

आमच्या बेळगावच्या रनिंग ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतोच, "१९५ मैलांच्या पुढं बायका पुरुषांपेक्षा फास्ट पळतात". खाली टाळ्यांचे इमोजी, मग पुरुषमंडळींपैकी कोणतरी २४ तास पळायच्या रेसमधला सोरोकिनचा रेकॉर्ड टाकणार, मग कोण म्हणणार निसर्ग, कोण म्हणणार नारीशक्ती, आणि दिवसभर मोबाईल नुसता किणकिणत राहतो. मला विचारलं की मी "रविवारी बोलू" म्हणून सुटते, कारण अंगठ्यानं एवढं टाइप करणं होत नाही. आज पावसानं घरीच बसलेय तर एकदाच सगळं लिहून टाकते.

तर पहिलं म्हणजे तो १९५ मैलवाला आकडा खोटा नाही. २०२० मध्ये रनरिपीट नावाच्या साइटनं अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांबच्या रेसचे पन्नास लाखांवर रिझल्ट गोळा करून हिशोब मांडला होता, त्यात तुलनेसाठी दिलेल्या छोट्या रेसपैकी ५ किमीला पुरुष सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास फास्ट, मॅरेथॉनला ११, शंभर मैलांना जेमतेम पाव टक्का, आणि १९५ मैलांच्या म्हणजे साधारण ३१४ किमीच्या पुढं बायका ०.६ टक्के फास्ट निघाल्या. वाचायला झकास वाटतं. पण ही सरासरी कुणाची ते कोण विचारतच नाही. अल्ट्रा पळणाऱ्यांत बायका चौथा हिस्सासुद्धा नाहीत, त्याच हिशोबात २३ टक्के आल्यात. आता जी बाई घर, नोकरी, पोरं, सासूचं दुखणं हे सगळं पार करून तीनशे किलोमीटरच्या स्टार्ट लाइनवर उभी राहते ती आधीच चाळणीतून गाळून आलेली असते, आणि तिच्या शेजारी उभ्या पुरुषांत खरे तयारीचे पण असतात आणि मित्रानं पार्टीत पैज लावली म्हणून आलेले पण असतात. या दोघांची सरासरी काढून कोण भारी हे ठरवणं मला पटत नाही, आणि हे मी बाई असून म्हणते.

टॉपला काय दिसतं ते बघा. २०२३ च्या शेवटी २४ तासांत पुरुषांचा रेकॉर्ड होता लिथुएनियाच्या अलेक्झांडर सोरोकिनचा, ३१९.६१४ किमी, २०२२ ला इटलीतल्या व्हेरोनात. बायकांत जपानची मिहो नाकाता, २७०.३६३ किमी, २०२३ ला तैपेईत. मधलं अंतर ४९ किलोमीटर, म्हणजे आपल्या हायवेनं बेळगावातनं संकेश्वरला पोचायला आलं. टक्क्यांत पंधराच्या वर. आणि त्याच २०२३ सालातली मॅरेथॉन घेतली तर केल्विन किप्टमचे २ तास ३५ सेकंद आणि टिगिस्ट असेफाचे २ तास ११ मिनिटं ५३ सेकंद, फरक नऊ टक्क्यांच्या जरा वर. म्हणजे अंतर वाढलं की फरक आपोआप मिटत जातो हे टॉपच्या सपाट रेसमध्ये तरी दिसत नाही, उलट वाढलेला दिसतो. हृदयाचा आकार, रक्तातलं हिमोग्लोबिन, वयात येताना टेस्टोस्टेरॉननं चढणारं मसल, हे काय २४ तासांनी गळून पडत नाही. बायकांत इतक्या लांबच्या रेसला येणाऱ्या मुळातच कमी, हे पण त्या पंधरात कुठंतरी मिसळलेलं आहेच, पण किती ते वेगळं काढता येत नाही.

हा वाद जुनाच आहे. १९९२ मध्ये व्हिप आणि वॉर्ड या दोघांनी नेचर मासिकात छापून आणलं की बायकांचे रेकॉर्ड ज्या वेगानं सुधारायलेत तो बघता १९९८ च्या सुमाराला मॅरेथॉनमध्ये बरोबरी होईल. ग्राफवरची रेघ तशीच पुढं ओढली की झालं. अहो पण ती रेघ एवढी चढती का होती? ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉन मिळाली १९८४ ला. दक्षिण आफ्रिकेतली साधारण ९० किमीची कॉम्रेड्स रेस, जिथं आपल्याकडचे पण कितीतरी जण जायलेत, ती १९२१ पासून चालू आणि बायकांना ऑफिशियल एन्ट्री १९७५ ला. दार उघडल्या उघडल्या गर्दी आत घुसते तेव्हा पहिली काही वर्षं वेग दिसणारच की.

मग बायका जिंकतच नाहीत काय? जिंकतात, आणि कशा जिंकतात ते बघण्यासारखं आहे. अॅन ट्रेसन अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या रेसमध्ये १९९४ आणि १९९५ ला सगळ्यांत मिळून दुसरी आली. पॅम रीडनं तिथल्याच डेथ व्हॅलीच्या वाळवंटातली बॅडवॉटर रेस २००२ आणि २००३ ला सलग दोनदा जिंकली, बायकांत नाही, सगळ्यांत. २०१७ ला कोर्टनी डॉवॉल्टरनं मोआबची २४० मैलांची रेस दुसऱ्या नंबरच्या पुरुषापेक्षा दहा तास आधी संपवली. दहा तास म्हणजे तो पोचेपर्यंत हिची अंघोळ, जेवण, झोप सगळं उरकलेलं.

आणि जॅस्मिन पॅरिस. ही स्कॉटलंडमध्ये राहणारी जनावरांची डॉक्टर. २०१९ च्या जानेवारीत इंग्लंडमधली स्पाइन रेस, २६८ मैल, थंडी, चिखल, निम्म्याहून जास्त वेळ अंधार. ही ८३ तास १२ मिनिटांत पहिली, आधीच्या रेकॉर्डपेक्षा बारा तास कमी, आणि चेकपॉइंटला थांबून बाळासाठी दूध काढून ठेवायची. नंतर २०२४ ला अमेरिकेतल्या डोंगर-जंगलातली शंभर मैलांच्या आसपासची बार्कली मॅरेथॉन्स पूर्ण करणारी पहिली बाई पण तीच, साठ तासांची मुदत संपायला ९९ सेकंद राहिले असताना गेटला हात लावला आणि तिथंच आडवी झाली. पण एक गोष्ट ग्रुपवर कोण लिहीत नाही, त्या वर्षी पाच जणांनी बार्कली पूर्ण केली आणि ती पाचवी होती, आधीचे चारही पुरुष. त्यानं तिचं मोल काय कमी होत नाही, पण सांगायचं तर पूर्ण सांगा.

या सगळ्या रेसमध्ये एक गोष्ट सारखी दिसते, फास्ट पळणं हा तिथला मुख्य प्रश्नच नसतो. झोप किती घेतली, वाट चुकली काय, पोटात अन्न टिकलं काय, पाय सोलले काय, पहिल्या रात्री अंगात मस्ती आली काय. सपाट ट्रॅकवर गोल गोल पळायचं असेल तर इंजिन मोठं असलेला जिंकणार. पण रस्ता जितका घाण आणि रात्री जितक्या जास्त तितकं इंजिनाचं महत्त्व कमी होत जातं, आणि एखादी तयारीची बाई सगळ्यांच्या पुढं जाऊ शकते. माझं मत हे एवढंच आहे. "बायका लांब पळण्यात भारी" असं सरसकट वाक्य मी म्हणणार नाही.

आता शरीराचं. एकाच जोराच्या मेहनतीला बायकांचं शरीर चरबी जास्त जाळतं आणि साखर राखून ठेवतं, मसल पण उशिरा थकतात, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. १९९६ ला दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासात मॅरेथॉनचा टाइम सारखा असलेले बाई-पुरुष घेतले आणि ९० किमीला बघितलं तर बायका पुढं. म्हणजे तुमचा आणि माझा मॅरेथॉन टाइम सारखा असला तर कॉम्रेड्सला मी तुमच्या पुढं जाण्याचे चान्स बरे आहेत. अण्णा, वाचालाय न्हवं?

पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक पेसिंगचा, म्हणजे वेग शेवटपर्यंत सांभाळून पळण्याचा. २०१५ च्या एका अभ्यासात चौदा मॅरेथॉनमधले नव्वद हजारांवर रनर बघितले, दुसऱ्या अर्ध्यात पुरुष सरासरी १५.६ टक्क्यांनी स्लो झाले आणि बायका ११.७ टक्क्यांनी. हे मला कुठल्या अभ्यासानं सांगायची गरज नव्हती, आमचा जांबोटी रोडचा लाँग रन बघितला तरी कळतं. पिरनवाडी सुटेपर्यंत सगळे एकत्र गप्पा मारत, किणये आलं की पुरुषांतले चार-पाच जण काहीतरी अंगात आल्यासारखे सुटतात, घड्याळात पेस बघत, एकमेकांकडं न बघितल्यासारखं करत. आम्ही बायका मागं, आमचं आपलं चाललंय, कुणाच्या पोरीचं लग्न कुठं ठरलं. कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल ओलांडून चढ सुरू झाला की एकेक जण सापडायला लागतो. एक जण बूट काढून दगडावर बसलेला, सॉक्स पिळायलाय. एक जण मोबाईलवर बोलायचं सोंग करत चालायलाय. "जावा जावा, येतोच मागनं." जांबोटीत चहा अर्धा झाला तरी हे मागनंच येत असतात.

जुलैमध्ये येळ्ळूर रोडनं जाताना शेतात रोपलावण करणाऱ्या बायका बघा, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, घोट्याच्या वर चिखल, वाकून मागं मागं सरकत सकाळी नवाला जो हात चालतो तोच संध्याकाळी पाचला. कोण मुद्दाम पहिल्या तासात पुढं पळत नाही कारण ओळ सगळ्यांची मिळून जायची असते. लाँग रनला मी तोच हात डोक्यात ठेवते.

बायकांच्या बाजूनं सगळंच बरं आहे असं पण नाही हं. लांबच्या रेसमध्ये मळमळायचा त्रास बायका जास्त सांगतात. भीतीनं नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि लहान चणीच्या, हळू पळणाऱ्या माणसाला ते लवकर होतं, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणी आल्या. मायलेज वाढवून जेवण तेवढंच ठेवलं तर पाळी बंद होते, हाडं कमजोर होतात, आणि "बरं झालं, कटकट गेली" म्हणणाऱ्या जणी मला माहीत आहेत. कटकट गेली नाही बाई, डॉक्टरकडं जायची वेळ आली.

राहता राहिली स्टार्ट लाइन. २०१८ ला आल्प्समधल्या यूटीएमबी या शंभर मैलांच्या आसपासच्या रेसमध्ये सोफी पॉवरचा फोटो गाजला होता, चेकपॉइंटला तीन महिन्यांच्या बाळाला पाजत बसलेली, शेजारी एक पुरुष रनर पाय पसरून आडवा. तिला आधीची एन्ट्री गरोदरपणामुळं पुढं ढकलून मिळाली नव्हती, दुखापत झाली असती तर मिळाली असती. आता नियम बदललेत, त्या फोटोनंतर सोफी तो नियम बदलायच्याच मागं लागली होती.

आपल्याकडं तर त्याच्या आधीच अडतं. रविवारच्या पाच तासांच्या रनसाठी पहाटे साडेतीनला निघायचं म्हणजे शनिवारी रात्रीच इडलीचं पीठ, डबे, आणि नळाला पाणी यायची पाळी असेल तर ते भरणार कोण हे ठरवून ठेवायचं. पुरुषांना हे विचारलं तर "म्हणजे?" म्हणतात. मंडोळी रोडला अंधारात एकटीनं पळायचं तर कुत्री परवडली, बाइक स्लो करणारे नाही परवडत. आणि जांबोटीपर्यंतच्या त्या सगळ्या रस्त्यात बाईला जायला धड जागा नाही, म्हणून कितीतरी जणी पाणीच पीत नाहीत, आणि मग विसाव्या किलोमीटरला डोकं धरून बसतात. हे कुठल्या ग्राफमध्ये येत नाही.

यावर आमच्यातल्या एका अण्णांनी परवा विचारलं, मग बायकांना टाइममध्ये काही सूट द्यायची काय? नको हो. टाइमिंग आहे तेच राहू दे. पाऊस ओसरला की कणकुंबीपर्यंतचा नाइट रन ठरलाय, या वेळी सुटायची वेळ आणि थांबे बायकांनी ठरवलेत, वाटेतल्या ओळखीच्या दोन घरी बाथरूमचं आधीच सांगून ठेवलंय, आणि सपोर्टची गाडी अण्णाच चालवणार आहेत. किणयेला ज्यांना सुटायचंय त्यांनी सुटावं, गाडी मात्र आमच्या मागं राहील.