तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीवर राहून खाणं सांभाळता कसं?

'अण्णा, दिवसभर गाडीवर असता, मग हे पथ्यपाणी जमतं कसं?' डेपोत नवीन लागलेली पोरं विचारतात, रोजचे पासवाले विचारतात, आणि परवा भाचीनं तर एकदाचं लिहूनच काढा म्हणून गळ घातली. मी सरकारी बसवर कंडक्टर आहे. बेळगावहून कधी खानापूरच्या जंगलभागात, कधी गोकाक-सौंदत्तीकडं, मधेच वस्तीची गाडी. काही वर्षांमागं तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातली दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.2 टक्के निघाली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, आधी खाणं बघा. तेव्हापासनं बघतोय.

काय खावं हे मला कुणी शिकवायला नको होतं. जोंधळ्याची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक. आमच्या आज्जीचं सगळं आयुष्य त्यावरच गेलं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. भूक लागते त्या घटकेला हाताशी काय आहे, तेच पोटात जातं. सकाळी साडेदहाला स्टँडवर पोटात कावळे ओरडायला लागतात, तेव्हा समोर कढईतनं निघालेली मिरची भजी असतात आणि भाकरी घरी टोपल्यात असते. जिंकतं कोण, ते सांगायला नको. म्हणून मी मनाला धाक घालायचं सोडून दिलं आणि हाताशी काय ठेवायचं याच्या मागं लागलो.

पहिली अडचण वेळेची. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. चांगलंच झालं, माझी बहीण आता वरचेवर माहेरी येते. पण शून्याचं असलं तरी तिकीट काढावंच लागतं, आणि गाडी दारापर्यंत भरलेली. चालत्या गाडीत खाण्याची सोयच नाही. शेवटच्या स्टॉपला गाडी वळवून उभी केली की जी दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यातच हात धुणं, पाणी पिणं, वे-बिल (फेरीच्या तिकिटांचा हिशेब) भरणं आणि जेवण.

दुसरी अडचण डबा करणार कोण ही. पहिली फेरी पहाटे साडेपाचला. त्यासाठी बायकोनं साडेतीनला उठून भाकऱ्या थापायच्या, हे मला पटत नाही. तिची अंगणवाडी आहे, तिथं दिवसभर चिल्ल्यापिल्ल्यांचं खाणंपिणं तीच बघते. आरोग्याच्या गप्पा मारणाऱ्या पुष्कळ पुरुषांचं पथ्य बायकोच्या झोपेवर चाललेलं असतं, हे मी डेपोत रोज बघतो.

यावर तोड सापडली ती सौंदत्तीच्या फेरीवर. तिकडच्या बायका जोंधळ्याची कडक रोट्टी करून विकतात. भाकरीपेक्षा कितीतरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, आणि मग मंद आचेजवळ उभी करून आतलं पाणी पार उडवायचं. थप्पी लावली की एकमेकींवर खडखड वाजतात. कोरड्या डब्यात पंधरा दिवस सहज राहतात. मी त्या स्टीलच्या मोठ्या गोल डब्यात नेतो. सौंदत्तीकडं अख्ख्या पोचतात. खानापूरच्या जंगलाकडं जांबोटीच्या पुढं मात्र रस्ता असा आहे की डबा उघडला की चुराच. मग चुऱ्यावर घट्ट दही, वर चमचाभर शेंगाची चटणी, थोडा कच्चा कांदा. पाच मिनिटांत मऊ होतं आणि एका हातानं खाता येतं. घरून आणखी येते ती मटकीची नाहीतर मुगाची कोरडी उसळ. ती मी रात्री स्वतः फोडणीला टाकतो. मोड आणायला तर काही करावंच लागत नाही, फडक्यात बांधून ठेवायचं. रस्सा नेत नाही. एकदा सांडला की तिकिटाच्या पिशवीला आठवडाभर वास.

रोट्टी म्हटल्यावर एक सांगून टाकतो. भाकरीनं शुगर वाढत नाही असं छातीठोक सांगणारे भेटतात आणि त्या भरवशावर चार-चार भाकऱ्या हाणतात. 100 ग्रॅम जोंधळ्यात 70 ग्रॅमच्या आसपास पिष्टच असतं. मध्यम भाकरीला 50 ग्रॅम पीठ धरलं तरी एकीत 35 ग्रॅम झालं. जोंधळ्यात चोथा आहे, प्रथिनं आहेत, पोटात सावकाश उतरतो, सगळं कबूल. पण मोजून खायलाच हवा. जेवायला बसलो की मी आधी उसळ आणि कच्चं संपवतो, भाकरी नंतर. तेवढ्यानंही एक भाकरी कमी लागते.

पश्चिमेच्या वस्तीवर प्रकार निराळा. खानापूरचा तो भाग भाताचा आणि नाचण्याचा. रात्री जिथं गाडी लावतो, तिथल्या घरातनं उन्हाळ्यात सकाळी नाचण्याची आंबील मिळते, ताक घातलेली, लसूण ठेचून टाकलेली. नाचण्यात 100 ग्रॅमला 350 मिलीग्रामच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. त्यातलं सगळं काही अंगी लागत नाही, पण भिजवलेल्या, मोड आणलेल्या नाचण्याचं जास्त लागतं. आता शहरात सिरिधान्य (कन्नडात भरडधान्य) म्हणून पाट्या लावून हेच विकतात, चकचकीत पाकिटात. घेणाऱ्यांनी घ्यावं. मी त्या घरातल्या वहिनींकडनंच पीठ घेतो.

भाजीचं म्हणाल तर ती माझ्या गाडीतच चढते. कडोली, उचगाव भागातल्या बायका सकाळी बुट्ट्या घेऊन बेळगावला येतात. मेथी, मुळा, कोथिंबीर, गाजर, काकडी. माझी ड्युटी त्या बाजूला लागली की जाताना घेत नाही, संध्याकाळी परत येताना घेतो. उरलेल्या पेंड्या घरी न्यायचा त्यांनाही कंटाळा येतो. 'मावशे, मेथी कशी?' म्हटलं की 'न्या की हो, काय द्यायचं ते द्या' म्हणतात. काकडी-गाजर दुसऱ्या दिवशी धुऊन पिशवीत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या-फळं खा म्हणते. आम्हा बेळगावकरांचा हिरमोड असा की त्यात बटाटा आणि रताळं धरत नाहीत, ती पिठूळ म्हणून वेगळी. आणि आमच्याकडं तर तीच ढिगानं पिकतात. उकडलेलं रताळं मी खातो, पण भाकरीच्या जागी. भाजी म्हणून नाही.

सगळ्यात चिवट अडचण चहाची, कारण तो फुकट असतो. प्रत्येक स्टॉपला कुणीतरी 'या हो, च्या घ्या' म्हणतंच. नाही म्हटलं तर माणूस शिष्ट ठरतो. हॉटेलच्या कपात दोन चमचे साखर धरली तर 10 ग्रॅम. असे पाच कप झाले की 50. वरची साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असली तर बरं, असं तीच संघटना सांगते. कन्नडात 'सक्करे कम्मी', साखर कमी, म्हणून बघितलं, पण चहा पातेल्यातच साखर घालून उकळलेला असतो, आपल्यासाठी वेगळा कोण करणार? मग बाय टू. आमच्या भागात एक चहा दोघांत मागायला कुणाला लाज वाटत नाही. ड्रायव्हर आणि मी, एकाचे दोन. बोलावणाऱ्याचा मान राहतो, साखर निम्मी होते, आणि ड्रायव्हरचंही बीपी-शुगर आहे ते वेगळंच. चहाबरोबरचा बन-बटर मात्र मी हात जोडून परत करतो. त्या वेळेला खिशातले फुटाणे काढायचे. मूठभर फुटाण्यात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात, आणि चावायला वेळ लागतो म्हणून भूक फसते.

भात सोडलात का, असंही विचारतात. येळ्ळूर-शहापूरच्या शिवारातल्या बासमतीचा वास लहानपणापासनं नाकात असलेल्या माणसाला हे विचारू नये. रात्री एक मूद, आमटी जास्त घेऊन. सुट्टीच्या दिवशी दोन.

लग्नसराईत पंगतीला बसलो की ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी भरून घेतो. रिकामी जागा दिसली की वाढपी सोडत नाहीत. 'जेवला नाहीसा म्हणजे रागावलासा' असं म्हणणाऱ्या मावश्यांना सरळ सांगतो, शुगर आहे. लपवलं की आग्रह दुप्पट होतो. सांगितलं की जिलेबीऐवजी हळहळ वाढतात, ती पचते.

गावच्या लक्ष्मी यात्रेला मात्र माझं काही चालत नाही. वर्षं-वर्षं वाट बघून येते ती, घराघरात पाहुणे, सासुरवाडीला मटणाचं जेवण, आणि सासूबाई स्वतः समोर बसून रस्सा ओततात. तिथं फुटाणे काढले तर मला घरात कुणी घेणार नाही. खातो. दुसऱ्या दिवशी ड्युटी असेल तर पहाटे डब्यात रोट्टी आहे का, एवढं रात्रीच बघून ठेवतो.