न दबणारा टचपॅड

रत्नागिरीत लॅपटॉप-दुरुस्तीचे दुकान चालवताना मला एक वाईट खोड जडली होती. ग्राहकाने फोनवर तक्रार सांगितली की कोणता भाग बदलावा लागेल, हे मी यंत्र न पाहताच ठरवून टाकत असे. मागच्या पावसाळ्यात ही खोड अंगाशी आली. एका निवृत्त शिक्षकांनी फोनवर सांगितले की टचपॅड दाबला जात नाही आणि दुसऱ्या एका दुकानदाराने तो बदलायला सांगितले आहे. मीही होकार भरला आणि त्या मॉडेलचा टचपॅड मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून मागवून ठेवला.

चार दिवसांनी सर आले. त्यांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला, तेव्हा तो एक पाय आखूड असलेल्या पाटासारखा डुगडुगला. एक कोपरा दाबला की समोरचा उचलला जाई. तळाच्या झाकणाच्या कडेला नखाची जाडी मावेल एवढी फट पडली होती.

"सर, हा कायम चार्जरवरच असतो का हो?" मी विचारले.

"अहो, २०२० साली ऑनलाइन तास सुरू झाले, तेव्हापासून याची पिन काढल्याचे मला आठवत नाही."

टचपॅडचे पार्सल मी मुकाट्याने खणात सरकवले. फुगलेल्या बॅटरीत जितका चार्ज कमी तितका काम करताना धोका कमी, म्हणून चार्जर काढून आधी ती उतरू दिली. त्याला फार वेळ लागला नाही. पाऊण तासात लॅपटॉपने मान टाकली.

झाकणाला दहा स्क्रू होते आणि त्यांपैकी दोन रबरी पट्टीखाली दडलेले होते. मी कागदावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवतो, कारण आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू पिळला गेला तर त्याचे टोक आतून कीबोर्डला जाऊन भिडते. एरवी शेवटचा स्क्रू निघाल्यावरही खाचा सोडवण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी कडेने फिरवावी लागते. या वेळी आठवा स्क्रू निघताच झाकण 'कट्' आवाज करून आपणहून वर आले आणि मी नकळत हात मागे घेतला.

आत तीन चपटे सेल शेजारी शेजारी चिकटवलेले होते. कडेचे दोन थोडेसे फुगले होते. मधला मात्र तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म झाला होता आणि तो नेमका टचपॅडच्या पाठीशी टेकला होता. टचपॅड दाबला की त्याला केसभर खाली जायला जागा लागते. ती जागाच बॅटरीने व्यापली होती, तो बिचारा दबणार कसा?

पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे नळकांडी सेल असत. त्यांचे कवच पोलादी असल्यामुळे बॅटरी खराब झाली तरी ती अशी फुगत नसे. शिवाय खिट्टी सरकवून ती बाहेरूनच काढता येई. लॅपटॉप पातळ करण्याच्या हौसेपायी मऊ पिशवीतले सेल आले. असा सेल सतत पूर्ण भरलेला, म्हणजे ४.२ व्होल्टच्या आसपास, आणि त्यातही गरम राहिला की आतला द्रव हळूहळू विघटित होतो, त्यातून वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. सरांच्या यंत्रात उष्णतेचीही सोय होती: पंख्यामागच्या जाळीवर धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता.

सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. खालच्या चिकटपट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडले आणि जुने एटीएम कार्ड सरकवत सेल एकेक करून मोकळे केले. तिथे स्क्रूड्रायव्हर घालायचा मोह आवरावा लागतो. पिशवीला भोक पडले तर आग लागू शकते. वीस मिनिटे सर बाकावरून उठून दाराशी उभे होते. निघालेली बॅटरी कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून तो डबा मी दुकानाबाहेर, पावसाचे पाणी लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला. अशा बॅटऱ्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. त्या ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्याव्या लागतात.

नवी बॅटरी यायला आठवडा लागणार होता, म्हणून जाळी साफ करून लॅपटॉप तूर्त चार्जरवरच सुरू केला आणि सरांना टचपॅड दाबायला सांगितले. 'टक्' असा स्वच्छ आवाज आला. त्यांनी तो आणखी चार-पाच वेळा दाबून पाहिला.

"मग तुम्ही मागवलेल्या टचपॅडचे पैसे किती द्यायचे?" त्यांनी विचारले.

"त्याचे काही नाही, सर," मी म्हणालो आणि खण जरा आत ढकलला.